गुरम्माच्या जागेवर महानंदा

(लातूर. उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला त्या वर्षीचा भाद्रपद. पाऊस अजून नाही. रेल्वे क्वार्टरच्या टोकाला असलेली, मराठी ज्यू समाजाची इस्रायली प्राथमिक शाळा; तिची सुट्टी शनिवारी. रविवारची सकाळ, वर्ग भरायला थोडा अवकाश आहे. शिक्षिका मिल्काबाई, दुसरीतली दिना आणि गुरम्माची आई महानंदा.)

दिना : तिथं नाही बसायचं. ती जागा गुरम्माची आहे.

महानंदा : म्हनूनच बसले, माय.

दिना : बाई! गुरम्माच्या आई गुरम्माच्या जागेवर बसल्यात.

मिल्काबाई : बघितलं, दिना. तू फळा पूस.

दिना : पुसला.

मिल्काबाई : पुन्हा पूस. कोपऱ्यात शुक्रवारचं तसंच राहिलंय. महानंदा, तू इकडे खुर्चीवर ये. सतरंजी झाडलेली नाही अजून.

महानंदा : हाय ते बरं हाय.

मिल्काबाई : काही काम होतं का शाळेत?

महानंदा : इचारायचं व्हतं एक. पन आत्ता नगं. पोरं येऊ द्या, तुमचं शिकवनं होऊ द्या. मी बसून राहते.

मिल्काबाई : घरी शोधतील तुला.

महानंदा : मला कोन शोधतंय? लहानगा सासूपाशी हाय. मालक अडतीवर गेलेत. सैपाक करून आले.

दिना : तुम्ही पण शाळेत नाव घातलं का?

महानंदा : न्हाई गं.

दिना : मग उपयोग नाही. पाटी पण नाही आणली तुम्ही.

महानंदा : पाटी घरी हाय. तिच्या दप्तरात. दप्तर खुटीला हाय.

दिना : काढून आणायचं ना मग.

मिल्काबाई : दिना.

दिना : पुसतेय ना मी!

मिल्काबाई : महानंदा, मी परत एकदा यायला हवं होतं तुझ्याकडे. मातीच्या दिवशी आले, त्यानंतर पाय वळला नाही.

महानंदा : आल्ता ते लई झालं. समद्या बाया रडत व्हत्या, येकमेकीला सांगत व्हत्या कसं झालं, काय झालं. तुम्ही नुसत्या बसल्या. काय बोलल्या न्हाई. ते मला याद हाय, बाकी काय याद न्हाई.

मिल्काबाई : आमच्यात तशी रीत आहे. ज्याच्या घरी दुःख आहे तो बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. घरच्यांनी सात दिवस जमिनीवर बसायचं, आल्यागेल्यानं जवळ बसायचं.

महानंदा : आन सात दिस झाल्यावर?

मिल्काबाई : उठायचं. घराबाहेर पडून थोडं चालून यायचं.

महानंदा : असं. मी पन उठले बाई. तिसऱ्याच दिशी उठले. चूल हाय, लहानगा हाय, टँकर आला की पळायचं हाय. समदं करून राहिले. पन उठल्यावानी वाटत न्हाई. रडू बी येत न्हाई. सासू म्हनती, हिचं काळीज दगडाचं. म्हनू द्या. मला त्याचं बी काय वाटत न्हाई.

मिल्काबाई : आली बघ मुलं. बस तू. बसा रे सगळे, चपला बाहेर. गोंधळ नको. दिना, तू सांग. आपला देश कोणता?

दिना : भारत!

मिल्काबाई : राज्य?

दिना : महाराष्ट्र!

मिल्काबाई : आणि जिल्हा?

महानंदा : उस्मानाबाद.

दिना : चूक! चूक! लातूर! आता लातूर झालाय. पुस्तकात उस्मानाबाद आहे, त्याच्यावर आम्ही कागद चिकटवला.

महानंदा : कवा झाला?

मिल्काबाई : ऑगस्टमध्ये. झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी.

महानंदा : गुरी आखाडात गेली.

मिल्काबाई : हो.

महानंदा : म्हंजी ती उस्मानाबादेतच राहिली.

दिना : कुठं राहिली? कोण राहिली, बाई?

मिल्काबाई : पुढचं पान काढा सगळ्यांनी.

•

मिल्काबाई : गेली सगळी. दिनालाही तिच्या बाबांकडे धाडलं. विचार आता.

महानंदा : शनवारी पानी उचलायचं न्हाई, असं तुम्ही पोरांना शिकवलं व्हतं का?

मिल्काबाई : कोण म्हणालं तुला?

महानंदा : गुरीच म्हनली. त्याच दिशी. गावच्या समद्या शाळा सकाळच्या भरल्या व्हत्या, तुमची तेवढी बंद. शनवार व्हता की. मी म्हनलं, घरी हाईस तर चल हिरीवर. रोजच न्हेत व्हते शाळा सुटल्यावर. तळाला वंजळभर पानी. मोठं मानूस उतरलं की कडंचे दगड सुटतेत, म्हनून समद्या बाया लेकरंच उतरवत व्हत्या. लेकरानं वाटीनं भरायचं, आपन वरून घागर वढायची. तिला भ्या वाटत नव्हतं. उलटं गानी म्हनायची खाली बसून.

मिल्काबाई : माहीत आहे. वर्गात सांगायची. विहिरीत आवाज दोनदा येतो म्हणायची.

महानंदा : कधी न्हाई म्हनली न्हाई. त्या दिशी म्हनली, अव्वा, आज नगं. आज शनवार. शनवारी पानी उचलायचं नसतं, बाईंनी सांगितलंय.

मिल्काबाई : मग तू काय म्हणालीस?

महानंदा : मी म्हनलं, शनवार त्यांचा. आपला सोमवार. चल.

मिल्काबाई : महानंदा...

महानंदा : सासू वसरीतच व्हती. म्हनली, कामचोर झाली कार्टी, शाळंचं नाव सांगती. मला बी तसंच वाटलं. हाताला धरून न्हेलं. बाकीचं तुमाला ठावं हाय. दोरीचा काय दोष नव्हता. दगड निसटला.

मिल्काबाई : पाणी देऊ तुला?

महानंदा : नगं. तेवढं सांगा. तुम्ही शिकवलं व्हतं का ती आपल्या मनानं बोलली?

मिल्काबाई : ते कळून काय होणार आहे?

महानंदा : म्हाईत न्हाई. पन दुसरं काय डोक्यात येतच न्हाई. भाकरी थापताना तेच, झाडताना तेच.

मिल्काबाई : मी... किती गोष्टी सांगते मुलांना. आठवून सांगते तुला.

महानंदा : आठवा. घाई न्हाई. मी उद्या येते.

मिल्काबाई : उद्याही?

महानंदा : तुमाला आठवंपर्यंत येते. घरला येऊन ती लई काय काय सांगायची. बाई असं म्हनल्या, बाई तसं म्हनल्या. माझं ध्यान पान्यात. हं हं म्हनायची मी. आता बसून ऐकते, काय सांगत व्हती ते.

•

मन्मथ : बसत न्हाई बाई, दुकान पोरावर टाकून आलोय. दोन शब्द बोलतो आन निघतो.

मिल्काबाई : बायकोसाठी आलात ना, मन्मथअप्पा? वर्गातच आहे ती. मुलांबरोबर पाढे म्हणतेय.

मन्मथ : म्हनती?

मिल्काबाई : ओठ हलतात. आवाज येत नाही.

मन्मथ : तुमी हाकलून दिलं न्हाई, ही तुमची मेहेरबानी. पन आता पुरं झालं. गंजगोलाईच्या बाजारातले लोक इचारतेत, मन्मथअप्पा, घरच्या मंडळींचं शाळेत नाव घातलं म्हनं? हसतेत. मी बी हसतो. न हसून काय करता?

मिल्काबाई : तिचा काही त्रास नाही. उलट पोरं शांत बसतात ती असली की.

मन्मथ : रैवारी देगलूरला सोडून येतो तिला, म्हायेरी. तिथं भाऊ हाय, भावजया हाईत. त्यांच्याकडंबी पानी न्हाई, पन मानसं हाईत. ती तयार हाय. म्हनजे न्हाई म्हनली न्हाई. आजकाल कशालाच न्हाई म्हनत न्हाई.

मिल्काबाई : बरं.

मन्मथ : तिनं तुमाला इचारलं असंल.

मिल्काबाई : विचारलं.

मन्मथ : मला रातच्याला इचारती. दिवा मालवला की इचारती. मी काय सांगू, मी काय तुमच्या शाळंत हाय का? खरं काय ते मला तरी सांगा. शिकवलं व्हतं?

मिल्काबाई : शिकवलं होतं.

मन्मथ : अस्सं.

मिल्काबाई : शुक्रवारी शेवटच्या तासाला मी आमच्या मुलांना हिब्रू शिकवते. धर्माचं थोडं सांगते. आमची मुलं म्हणजे आता एकटी दिना. बाकीच्यांना सोडते खेळायला. गुरम्मा जायची नाही. बसू का विचारायची, मी बस म्हणायचे.

मन्मथ : आमच्या घरात ह्याला कुनाचा विरोध नव्हता बाई. आईनं तर सौताहून सांगितलं व्हतं, त्या शाळंत मारत न्हाईत, तिथंच घाला. तुमच्यावर बोल न्हाई. पन एक करा. तिला असं सांगू नका.

मिल्काबाई : मग काय सांगू?

मन्मथ : म्हना, मी तसं कधी बोलले न्हाई. लेकरू आपल्या मनानं बोललं.

मिल्काबाई : म्हणजे तुमची मुलगी खोटं बोलली असं सांगू?

मन्मथ : सात वर्साच्या लेकराचं खोटं कोन धरतंय? आन तिला आता काय फरक पडतोय? हिला पडतो. तुमी हाव म्हनला तर काय व्हईल? लेकरू खरं सांगत व्हतं आन हिनं हाताला धरून न्हेलं. एवढं घेऊन बाईमानूस जगंल कसं? तुमी न्हाई म्हना. दोन दिस लेकराला दोष दील, मग इसरंल. मानूस इसरतं.

मिल्काबाई : आणि तुम्ही? तुम्हाला तर मी आत्ता खरं सांगितलं.

मन्मथ : माझं काय. मी दुकानात असतो. दिसभर गिऱ्हाईक असतं.

मिल्काबाई : मन्मथअप्पा, थोडं बसा तरी.

मन्मथ : न्हाई. तुमच्याकडं नव्या जिल्ह्याचे सायेब आल्ते म्हनं?

मिल्काबाई : आले होते. जीप बघायला सगळं क्वार्टर जमलं होतं. म्हणाले, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा शनिवारी सकाळी भरतात, तुमचीच का बंद? आता तुमच्या समाजाची मुलं किती राहिलीत?

मन्मथ : बरोबरच हाय की.

मिल्काबाई : बरोबरच आहे. मी नवी नवरी म्हणून इथं आले तेव्हा छोट्या रेल्वेगाडीचे निम्मे गार्ड आमचे होते. शनिवारी ह्या गल्लीतून धूर निघायचा नाही. एकेक करून सगळे इस्राएलला गेले. राहिले मी, दिनाचे वडील आणि ती. कुणासाठी बंद ठेवायची शाळा?

मन्मथ : मंग भरवा. शनवारी लेकरं शाळंत असत्याल.

मिल्काबाई : हो. शाळेत असतील.

मन्मथ : येतो. शरणार्थ. माझं तेवढं ध्यानात ठेवा. तुमी आईवानी हाव तिला.

•

दिना : इकडून नाही मावशी, तिकडून. हिब्रू उजवीकडून सुरू होतं.

महानंदा : उजवा हात ह्योच ना?

दिना : हाव. हे आलेफ. हे बेथ. बेथ म्हणजे घर. बघा, एका बाजूनं उघडं आहे. ह्याच्यात शिरायचं.

महानंदा : आन ह्ये?

दिना : गिमेल. त्याला पाय आहे. गुरम्मा म्हणायची, गिमेल म्हणजे लंगडणारे पोस्टमन काका. मग आम्ही दोघी हसायचो, बाई म्हणायच्या, हसा पण आवाज नको.

महानंदा : अजून काय करायची ती?

दिना : पेन्सिल खायची. पाटीवरची. मला पण दिली होती, छान लागत नाही. आणि मराठी पण उलटी लिहायची, उजवीकडून. एकदा सगळी बाराखडी उलटी लिहिली. बाईंनी आरसा आणला घरातून आणि आरशात वाचली. बरोबर होती!

महानंदा : मला सांगितलं व्हतं तिनं. आरशाचं काहीतरी सांगत व्हती.

दिना : मग? तुम्ही काय म्हणालात?

महानंदा : टँकर आल्ता बहुतेक.

दिना : आणि तिला वाटायचं, ती पण इस्रायली आहे. मी म्हणाले, नाही, तू गळ्यात लिंग घालतेस, तू लिंगायत. ती म्हणाली, घरी लिंगायत आणि शाळेत इस्रायली. असं असतं का हो मावशी?

महानंदा : काय की, माय.

दिना : बाबा म्हणतात, नसतं. पण बाबांना सगळं नाही माहीत. मावशी, एक विचारू? बाईंना सांगू नका.

महानंदा : इचार.

दिना : गुरम्मा शनिवारी पाणी आणायला का गेली? बाईंनी तर आम्हाला सांगितलं होतं, शब्बाथला पाणी नाही उचलायचं. घागर नाही, बादली नाही, तांब्या बाहेरून नाही आणायचा. आदल्या दिवशीच भरून ठेवायचं. मी ऐकते. ती पण म्हणाली होती, मी ऐकणार. मग का गेली?

महानंदा : तुमाला दोघींना सांगितलं व्हतं?

दिना : हाव. इथंच. ह्याच सतरंजीवर. त्याच शुक्रवारी. मी विसरले नाही, तीच विसरली.

महानंदा : न्हाई. ती इसरली नव्हती.

दिना : मग?

महानंदा : मला ह्ये पुढचं दाखीव. गिमेलच्या पुढं काय?

दिना : दालेथ. दालेथ म्हणजे दार. तुम्ही तर पुन्हा बेथच काढलं.

महानंदा : सवय न्हाई ना लिव्हायची.

•

मिल्काबाई : कोण? महानंदा, तू? आज शाळा नाही गं. शनिवार आहे.

महानंदा : म्हाईत हाय. बसू का पायरीवर?

मिल्काबाई : वर ओट्यावर ये. पायरीवर ऊन आहे. चहा विचारला असता, पण आज चूल नाही पेटवत मी. कालची भाकरी आहे, चटणी आहे.

महानंदा : नगं. खाऊन आले. मालक उद्या देगलूरला न्हेतेत मला. सकाळच्या गाडीनं.

मिल्काबाई : बोलले ते.

महानंदा : तुमाला पन बोलले? मंग त्यांनी तुमाला आनखी काय सांगितलं ते बी मला कळलं.

मिल्काबाई : तुझ्या काळजीनं आले होते गं.

महानंदा : चांगले हाईत ते. दिसभर दुकान करतेत, रातच्याला डोळे उघडे ठिवून पडतेत. मी बगते. दोघं बी पडून असतो. बाई, तुमाला आठवलं का?

मिल्काबाई : आठवायचं काय होतं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं.

महानंदा : मंग सांगा.

मिल्काबाई : शिकवलं होतं, महानंदा. मीच शिकवलं. तो शुक्रवार होता. मी दिनाला सांगत होते, देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी तो थांबला. म्हणून आपणही थांबायचं. उचलायचं नाही, ओढायचं नाही, पेटवायचं नाही. गुरम्मा म्हणाली, पाणी पण नाही? मी म्हटलं, पाणी पण नाही. ती म्हणाली, आणि मी? मी पण नाही?

महानंदा : तुमी काय म्हनला?

मिल्काबाई : मला म्हणता आलं असतं, नाही बाळ, हे आमच्यासाठी आहे, तुझं वेगळं. तेच खरं होतं. पण ती इतकी टक लावून बघत होती. तळहात पुढे केलेले. दोरीनं सोललेले होते, आधी तिनं कधी दाखवले नव्हते. मी म्हटलं, तू पण नाही. तुलाही सुट्टी.

महानंदा : तळहात मला ठावं हाईत. हळद लावत व्हते मी.

मिल्काबाई : मी तेव्हाच उठून तुझ्या घरी यायला हवं होतं. तुला सांगायला हवं होतं की हिला विहिरीत उतरवू नका. ते मी केलं नाही. तिला सुट्टी देऊन मोकळी झाले. सात वर्षांच्या मुलीनं घरी जाऊन काय करायचं त्या सुट्टीचं?

महानंदा : तुमी आल्या असत्या तर मी ऐकलं असतं का? तवा? न्हाई ऐकलं. म्हनलं असतं, बाईंना काय, एकटा जीव, पानी लागतं कितीसं.

मिल्काबाई : तरी यायला हवं होतं.

महानंदा : मला म्हाईत व्हतं, बाई. काल दिनानं सांगितलं. तिला रागवू नका, ती सहज बोलली.

मिल्काबाई : माहीत होतं? मग मला कशाला विचारलंस पुन्हा?

महानंदा : तुमी काय सांगता ते बगायचं व्हतं. मालकावानी तुमी बी मला निजवाया बगता का काय. तुमी न्हाई म्हनला असता तर गप उठून गेले असते. उद्या देगलूरला गेले असते आन पुन्यांदा ह्या गल्लीत आले नसते.

मिल्काबाई : म्हणणार होते. ओठावर आलं होतं तुला दारात बघून.

महानंदा : मंग?

मिल्काबाई : तिचं नाव कसं घालवू? वर्गात तिनं कधी खोटं सांगितलं नाही. पेन्सिल खाल्ली तरी तोंड उघडून दाखवायची.

महानंदा : म्हंजी खोटं बोलली नव्हती.

मिल्काबाई : नाही.

महानंदा : कामचोर बी नव्हती.

मिल्काबाई : मुळीच नाही.

महानंदा : बरं झालं.

मिल्काबाई : बरं? महानंदा, ह्याच्यात बरं काय आहे?

महानंदा : घरात रोज तेच चालतं बाई. सासू आल्यागेल्याला सांगती, लेकरू अंगचोर व्हतं, मनापासून उतरलं न्हाई म्हनून पाय घसरला. मी ऐकून घेते. काय बोलनार? मला सौताला ठावं नव्हतं. आता घरी जाते आन सांगते, लेकरू खरं बोलत व्हतं. मी ऐकलं न्हाई. तिच्या नावानं आता कुनी काय बोलायचं न्हाई. माझ्या नावानं बोला.

मिल्काबाई : ते झेपेल तुला?

महानंदा : माझ्या नावाचं झेपंल. तिच्या नावाचं न्हाई झेपत व्हतं.

मिल्काबाई : इकडे सावलीत सरक. मी सोमवारी साहेबांना होकार कळवणार आहे. पुढच्या शनिवारपासून शाळा भरवते. आणि शुक्रवारचा तो तास बंद. दिनाला घरी तिचे बाबा शिकवतील काय ते.

महानंदा : कामून?

मिल्काबाई : तुला विचारावं लागतं?

महानंदा : तुमी शिकवलं ते खोटं हाय का?

मिल्काबाई : खोटं नाही. माझी आई, तिची आई, सगळ्या पाळत आल्या.

महानंदा : मंग बंद कामून करता? तिनं येवढं मनावर घेतलं, आन तुमी बंद करता. शिकवा. फक्त घरला येऊन सांगत जावा. मायबापाला सांगत जावा, लेकरानं सांगून चालत न्हाई.

मिल्काबाई : आणि शनिवार?

महानंदा : ते तुमचं तुमी बगा. मला त्यातलं कळत न्हाई. पन शाळा उघडी असली तर लेकरं हिरीवर जानार न्हाईत, येवढं कळतं.

मिल्काबाई : दार उघडीन. मुलांनी यायचं, बसायचं. गोष्टी सांगेन, गाणी म्हणतील. लिहायचं नाही, घंटा नाही, कुणी काही उचलायचं नाही. साहेबांना ही शाळा वाटेल का नाही, कोण जाणे.

महानंदा : त्यांच्या जीपला तेवढं दाखवायला एक दिस पाटी-पेन्सिल काढा.

मिल्काबाई : तू हसलीस?

महानंदा : न्हाई. तोंड हाललं असंल.

मिल्काबाई : देगलूरला किती दिवस राहशील?

महानंदा : ठावं न्हाई. ठिवतील तवर. उद्या वर्गात काय घेनार तुमी?

मिल्काबाई : उद्या? उद्यापासून दुसरीला जोडाक्षरं सुरू करायचीत.

महानंदा : ते काय असतं?

मिल्काबाई : दोन अक्षरं एकमेकांना धरून येतात. पहिल्याचा पाय मोडायचा आणि दुसऱ्याला टेकवायचं. तुझ्या नावात नाही. तिच्या नावात आहे, शेवटी.

महानंदा : तिला येत व्हतं?

मिल्काबाई : नाही. तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो. ती नुसतं गुरमा लिहायची. मी म्हणायचे, असू दे, पुढे शिकवीन.

महानंदा : मंग तेवढं ऐकून जाते.

मिल्काबाई : उद्या सकाळी तुझी गाडी आहे ना पण?

महानंदा : देगलूरची गाडी रोज असती, बाई.